कानामागची गोळी

ब्युरेटची, त्या काचेच्या मोजनळीची, तोटी बंद करून तिने आकडा वाचला आणि तोंडातल्या तोंडात एक कचकचीत शिवी हासडली. तिसऱ्यांदा तोच आकडा. परवा तोच, काल तोच, आज तोच. दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, वा, काय अचूक मोजमाप! अचूकपणा काय चाटायचाय? तिला आकडा बदललेला हवा होता.

विभागात तिला सगळे करडूबाई म्हणत. चार वर्षं शेळीच्या पिल्लांच्या लेंड्या तोलणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार? पहिल्या वर्षी ती या नावावर चिडायची, दुसऱ्या वर्षी हसायची, आता नुसती वळून बघायची.

तिचा प्रयोग सांगायला सोपा होता, करायला मात्र नाकी नऊ आणणारा. तीन-तीन महिन्यांची बारा करडं घ्यायची. त्यातल्या सहांच्या उजव्या कानामागे, कातडीखाली, सुईने एक छोटीशी गोळी सरकवायची. त्या गोळीतून वाढीचं हार्मोन शंभर दिवस थोडं थोडं अंगात झिरपत राहतं. उरलेल्या सहांना नुसती सुई टोचायची, गोळी द्यायची नाही. दोन महिन्यांनी बाराही जणांना आठवडाभर पिंजऱ्यात ठेवायचं. पिंजऱ्याला खाली जाळी, जाळीखाली उतरता पत्रा, लेंड्या एका बाजूला आणि मूत दुसऱ्या बाजूला बादलीत. किती खाल्लं ते तोलायचं, किती उष्टं टाकलं ते तोलायचं, खालून जे जे आलं ते सगळं तोलायचं आणि प्रत्येकातला नायट्रोजन मोजायचा. प्रथिनांतून जेवढा आत गेला त्यातून बाहेर आलेला वजा केला, की उरलेला अंगात मुरला, त्याचं मांस झालं. गोळीवाल्या करडांच्या अंगात तो जास्त मुरायला हवा. एवढं दाखवलं की प्रबंध पुरा आणि नावामागे डॉक्टर.

आणि मेला मुरतच नव्हता. म्हणजे गोळीवाल्यांची सरासरी थोडी वर होती, पण तीही दोन आडदांड करडांमुळे. ठिपक्या आणि भुऱ्या, या दोघांच्या अंगात बाकीच्यांच्या दीडपट नायट्रोजन दिसत होता. उरलेली चार गोळीवाली करडं आणि सहा बिनगोळीवाली यांच्यात काडीचा फरक नव्हता. सहातली दोनच उंच उडतात आणि चार जमिनीवर बसून राहतात, हे हार्मोनचं काम नव्हे, हा मोजणाऱ्याचा गोंधळ, असं कोणीही म्हणालं असतं. म्हणून ती त्या दोघांचे नमुने पुन्हा पुन्हा मोजत होती आणि ते दोघे पुन्हा पुन्हा तिला वाकुल्या दाखवत होते.

महिनाअखेर मुदत संपत होती. ही शेवटची वाढीव मुदत, यानंतर नोंदणी रद्द. पहिल्या वर्षी करडांना फुप्फुसाचा आजार झाला. दुसऱ्या वर्षी पिंजरे आले ते इतक्या मोठ्या जाळीचे, की करडांचे खूर त्यात अडकायचे. तिसरं वर्ष परवानग्यांनी खाल्लं. चौथ्या वर्षी सगळं सुरळीत झालं आणि उत्तरानेच खो घातला. पुन्हा करू म्हणावं, तर करडं वाट बघत थांबत नाहीत. त्यांची शिंगं आता चांगली वाढली होती, आवाज घोगरे झाले होते. गोळी द्यायची ती वाढीच्या वयात, आणि ते वय निघून गेलं होतं.

मार्गदर्शक सरांनी कागद पाहिले आणि चष्मा काढून पुसायला घेतला. सरांनी चष्मा काढला की समोरच्याने समजावं, आता आपलं काही खरं नाही.

"बादल्यांत आम्ल घातलं होतंस ना? नाहीतर अमोनिया उडून जातो."

"घातलं होतं सर. रोज सकाळी, मी स्वतः."

"मूत सांडलं असेल."

"नाही सर."

"आकडेमोड चुकली असेल."

"चार वेळा केली."

"मग पाचव्यांदा कर."

तिला वाटलं, त्यांच्या हातातला तो चष्मा घ्यावा आणि खिडकीतून भिरकावून द्यावा. हा विषय सरांनीच निवडलेला, पद्धत सरांनीच आखलेली, आणि बिघडलं की तिचं चुकलं. ती "बरं" म्हणाली आणि बाहेर आली. जिन्यात एका विद्यार्थ्याने विचारलं, "काय करडूबाई, किती वाढली पोरं?" ती त्याच्याकडे अशी काही बघत राहिली, की तो बिचारा दोन-दोन पायऱ्या गाळत खाली गेला.

घरी बाबा खिडकीशी बसून डोळ्याला भिंग लावून कुणाचं तरी घड्याळ उघडत होते. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, दुकान सोडलं तरी हात स्वस्थ बसत नव्हते. तिने पिशवी आपटली तेव्हाच त्यांनी ओळखलं.

"करडं रुसली वाटतं."

"बाबा, आज चेष्टा नको."

"बरं, नाही करत. काय झालं ते तर सांग."

तिने सांगितलं. सांगता सांगता आवाज चढत गेला. चार वर्षं गेली, बरोबरच्या मैत्रिणी नोकऱ्यांना लागल्या, आणि आपण इथे लेंड्या चाळतोय. बाबा ऐकत होते. घड्याळाचं झाकण त्यांनी अलगद बाजूला ठेवलं.

"माझ्याकडे लोक घड्याळ घेऊन यायचे," ते म्हणाले, "म्हणायचे, बंद पडलंय, उघडून बघा. मी उघडायचोच नाही. आधी किल्ली द्यायचो. दहातल्या चारांना किल्लीच दिलेली नसायची. लोक शपथेवर सांगायचे, दिलीये म्हणून."

"म्हणजे मी गोळ्या घातल्याच नाहीत असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी घड्याळाचं बोलतोय, बाई. तुझ्या शेळ्यांतलं मला काय कळतंय?"

ती तणतणत उठून आत गेली. गोळ्या तिने स्वतः घातल्या होत्या. पंधराव्या दिवशी सहाच्या सहा कान चाचपून पाहिले होते, बोटाला सहाही गोळ्या लागल्या होत्या. नियम दर पंधरा दिवसांनी चाचपायचा होता. तिसाव्या दिवशी? तिसाव्या दिवशी यंत्र बिघडलं होतं. पंचेचाळिसाव्या दिवशी चाऱ्याचे नमुने जळले होते. साठाव्या दिवशी पिंजऱ्यांची धावपळ होती. गोळ्या घातल्यात म्हटल्यावर त्या कुठे जाणार? तक्त्यातला तपासणीचा रकाना मात्र भरलेला होता. सगळीकडे बरोबरची खूण. तिनेच केलेली.

सकाळी ती प्रयोगशाळेत न जाता थेट गोठ्यात गेली. लांबट पत्र्याची शेड, मधून बोळ, दोन्ही बाजूंना सहा-सहा कप्पे, प्रत्येकात एक करडू. फरशी नुकतीच धुतलेली, ओली. कोपऱ्यातल्या नळाखाली मामा बादल्या विसळत होते. मामा म्हणजे गोठ्याचे राखणदार. सव्वीस वर्षं याच शेडमध्ये, कोणाचे मामा कुणाला ठाऊक नाही, पण सरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे मामाच म्हणत.

तिने ठिपक्याचा उजवा कान हातात घेतला. मुळाशी बोट फिरवलं. गोळी होती, झिजून बारीक झालेली, पण होती. भुऱ्याच्या कानातही होती. तिसऱ्या करडाच्या कानात नव्हती. चौथ्याच्या नव्हती. पाचव्याचा कान तिने इतका दाबला, की ते बिचारं बें बें करून मागे सरलं. सहाव्याच्याही नव्हती. चार कान गुळगुळीत, कातडीवर एक फिकट व्रण तेवढा.

"झाले ना कान साफ?" मामा मागून म्हणाले. त्यांच्या आवाजात समाधान होतं. "डाग पण नाही राहिला."

तिने करडाचा कान सोडला आणि वळली.

"काय केलंत तुम्ही?"

"गाठी झाल्या होत्या, बाई. मी डोळ्याच्या ऑपरेशनची सुट्टी संपवून आलो ना, तर सहा जणांच्या कानामागे गाठ. म्हटलं, आपण तीन आठवडे नाही तर पोरांची ही दशा! पाच-सहा दिवसांत एकेकाला धरून, कान धुऊन, दाबून काढल्या. पू नव्हता, खडाच निघाला पांढरा. वर औषध लावलं. या दोघांच्या खोल होत्या, येईनात. म्हटलं, उगाच दुखावायला नको."

"तो खडा नव्हता!" ती ओरडली. करडं दचकून कप्प्यांच्या मागच्या भिंतीला चिकटली. "ते औषध होतं! माझा सगळा प्रयोग होता तो! चार वर्षं, मामा! चार वर्षं पाण्यात घातलीत तुम्ही! कोणी सांगितलं होतं तुम्हाला नसते उपद्व्याप करायला?"

मामांच्या हातातली बादली खाली गेली. त्यांचा एक डोळा अजून जरा लाल होता, ऑपरेशनचा.

"मला वाटलं, आजार आहे," ते हळूच म्हणाले. "मला कुणी सांगितलंच नव्हतं, बाई."

सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं नव्हतं. हीच तर पद्धत होती. राखणदाराला कोणाला गोळी दिलीय हे कळलं, की तो नकळत त्याच्याकडे जास्त बघणार, मूठभर जास्त घालणार. सरांचा नियम होता, मामांना कळता कामा नये. आणि तिने तो असा काटेकोर पाळला, की मामा सुट्टीवर आहेत हे बघूनच गोळ्या घालायचा दिवस ठरवला. तेव्हा तिला आपल्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं.

"तुम्ही मला विचारायचं तरी होतं," ती म्हणाली. आवाज आता बसला होता.

"आलो होतो की सांगायला. दोनदा. तुम्ही म्हणालात, मामा, आत्ता नको."

ते कोणत्या दिवशी झालं, ती आठवू लागली. आठवेना. कारण असं ती रोजच म्हणायची.

सरांना तिने सगळं सांगितलं. चष्मा पुन्हा निघाला. या वेळी ते बराच वेळ पुसत राहिले.

"कोणाकोणाला माहीत आहे हे?"

"मला, मामांना. आता तुम्हाला."

"मग ऐक. आकडे खोटे नाहीत. बारा करडं, सात दिवस, मोजमाप चोख. हार्मोनचा लक्षणीय परिणाम आढळला नाही, असं लिही. परिणाम न आढळणं हेही उत्तरच असतं. परीक्षक दोन प्रश्न विचारतील आणि सोडतील."

"पण परिणाम आहे, सर. ज्या दोघांत गोळी राहिली त्या दोघांत आहे. दीडपट!"

"दोन म्हणजे काहीच नाही. तुला माहीत आहे ते."

माहीत होतं, हीच तर सगळ्यात मोठी चीड होती. चार वर्षं ज्या उत्तराच्या मागे धावली ते समोर दोन पायांवर उभं राहून पाला ओरबाडत होतं, आणि ते मोजता येत नव्हतं. दोनाचे सहा होत नव्हते.

"आणि खरं लिहिलं, तर?"

"प्रबंध गेला. शिवाय चौकशी लागेल. मामाची नोकरीची दोनच वर्षं राहिलीत. प्रयोगाच्या जनावराला हात लावला म्हणून पहिली उचलबांगडी त्याची होईल." सरांनी चष्मा डोळ्यावर चढवला. "तू ठरव. पण डोकं शांत ठेवून ठरव."

डोकं शांत ठेवून! तिच्या डोक्याची नुसती भट्टी झाली होती. तिला मामांचा राग येत होता, सरांचा येत होता, किल्लीवाल्या बाबांचा येत होता, त्या खांबासारख्या उभ्या रकान्यातल्या बरोबरच्या खुणांचा तर इतका येत होता, की तो कागद फाडून गिळावा. चार दिवस ती लिहायला बसायची आणि उठायची. 'लक्षणीय परिणाम आढळला नाही.' चार शब्दांचं वाक्य. लिहिलं की सुटली. एकदा तिने लिहिलंही. वाचून पाहिलं आणि आपणच आपल्याला थापड मारावी तसं वाटलं. कोणीतरी कुठेतरी हे वाक्य वाचेल आणि म्हणेल, चला, या हार्मोनचा काही परिणाम होत नाही, मग द्यायचं कशाला.

पाचव्या दिवशी तिने ते खोडलं आणि त्या जागी लिहिलं: 'सहापैकी चार करडांच्या कानातील गोळ्या तिसाव्या दिवसाच्या आत निघून गेल्या. दर पंधरा दिवसांची तपासणी पहिली वगळता संशोधिकेने केली नाही. तक्त्यातील पुढील खुणा खोट्या आहेत. कानातील गाठीला हात लावू नये, एवढी सूचना राखणदाराला देणे आवश्यक होते. ती संशोधिकेने दिली नाही. सबब या प्रयोगावरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.'

सरांनी ते उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं.

"यात मामाने काढल्या असं कुठे आहे?"

"निघून गेल्या, असं आहे. तपासल्या असत्या तर तिसाव्या दिवशी कळलं असतं, पुन्हा घालता आल्या असत्या. चूक माझी आहे, सर."

"खुणा खोट्या आहेत, हे लिहायलाच हवं?"

"हो."

"यावर मी सही करू शकत नाही, तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

त्यांनी कागद परत दिले. खूप रागावतील असं तिला वाटलं होतं, पण ते नुसतेच थकल्यासारखे दिसले. नव्याने नोंदणी करायची असेल तर अर्जावर सही करीन, म्हणाले. नव्याने म्हणजे पहिल्या वर्षापासून. तिने मान हलवली. हो की नाही, तिचं तिलाही कळलं नाही.

दुपारी ती गोठ्यात गेली. मामा कप्प्याची कडी दुरुस्त करत होते. तिला पाहून उठून उभे राहिले. गेले काही दिवस ते तिच्यासमोर असेच उभे राहत होते, शिक्षा ऐकायला उभं राहावं तसे.

"बसा मामा," ती म्हणाली. "तुमचं नाव कुठेही नाही. कोणी काही विचारणार नाही."

"आणि तुमचं?"

"माझं गेलं."

मामांनी मान खाली घातली. ती बादली उपडी घालून तिच्यावर बसली. आता लपवायला काही उरलंच नव्हतं, म्हणून असेल, किंवा दुसरं कोणी ऐकायला नव्हतं म्हणून असेल, तिने त्यांना सगळं सांगितलं. पहिल्यापासून. गोळीत काय असतं, ती कोणाला घातली, प्रथिनं पोटात गेली की त्यांचं काय होतं, त्यांतला नायट्रोजन अंगात मुरला नाही तर मुतातून कसा बाहेर पडतो. मामांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. सांगून झाल्यावर त्यांनी कपाळावर आठ्या घातल्या.

"म्हणजे ज्याला गोळी आहे त्याच्या मुतात ते कमी जाणार?"

"हो. ते किती कमी जातं, तेच मला मोजायचं होतं."

"तेच झोंबतं का? फरशी धुताना डोळ्याला लागतं ते?"

ती सावरून बसली. "तेच. त्याचाच अमोनिया होतो. का?"

"तेव्हा माझा डोळा नुकता कापलेला, बाई. जराशा वासाने पाणी यायचं. सुट्टीवरून आलो, पहिल्या दिवशी फरशी धुतली, तर सहा कप्पे झोंबले आणि सहा नाही. मी म्हटलं, हे काय? न झोंबणारे सहा तेच, गाठवाले. म्हणून तर मला गाठीचा संशय आला. जनावर नीट मुतत नाही म्हणजे आजारीच असणार. मग गाठी काढल्या, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी चार कप्पे आधीसारखे झोंबायला लागले. हे दोघे तेवढे नाहीत, ठिपक्या आणि भुऱ्या. अजूनही नाहीत." मामा संकोचाने हसले. "मला वाटलं, चला, चौघं बरी झाली."

सहा करडं. गोळी असताना सहाही, आणि चौघांची काढल्यावर ती चार पुन्हा पहिल्यासारखी. दोन नव्हे, सहाच्या सहा. जे तिला ब्युरेटने तीनतीनदा मोजून सापडलं नाही, ते या माणसाच्या कापलेल्या डोळ्याला विसाव्या दिवशी कळलं होतं, आणि त्या दिवशी करडांचं मूत बादल्यांत धरून मोजलं असतं तर त्याचे आकडेही झाले असते.

"मामा, मग तुम्ही मला हे—" ती तावातावाने म्हणाली, आणि 'मामा, आत्ता नको' आठवून पुढचे शब्द तिने गिळून टाकले.

मामा वाट बघत होते, ती काय विचारतेय म्हणून.